मागच्या सीटवरची गळती

शेवटी शार्दूल चौगुलेने खरं सांगून टाकलं, आणि कंपनीने रस्त्यावरच्या सगळ्या 'वारू' गाड्या परत मागवल्या.

आता हे वाक्य विसरून जाऊ. तसं काही झालेलं नाही. कंपनीच्या पत्रकात 'नियमित देखभालीसाठी आपुलकीचं आमंत्रण' असे शब्द आहेत, आणि ज्या गोष्टीला इतके गोड शब्द सापडतात ती गोष्ट घडलेली नसते. तेव्हा शार्दूलने काही सांगितलं नाही, कुणी काही मागवलं नाही, आणि आपण अजून सुरुवातीलाच आहोत: कोल्हापूरजवळ, गोकुळ शिरगावच्या एका शेडमध्ये, तीन प्रेशर सेन्सरांसमोर.

ते दिवस पेट्रोल पंपांची लग्नाची कार्यालयं होण्याचे होते. पेट्रोल संपलं नव्हतं, पण परवडणारी माणसं संपली होती. वारूचं इंजिन हायड्रोजनवर चालायचं. हायड्रोजन हा उतावळा वायू. पेट्रोल ठिणगीची वाट बघतं. हायड्रोजनला सिलिंडरमधला एखादा तापलेला कोपराही पुरतो, ठिणगी पडायच्या आधीच तो पेट घेतो. म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये एक सेन्सर हवा. दाब वेळेआधी चढू लागला की त्याने सांगायचं आणि इंजिनाने स्वतःला आवरायचं.

हे झालं एक काम. दुसरं काम गाडी थांबल्यावरचं. हायड्रोजनला वास नाही, रंग नाही, आणि त्याची ज्योत दिवसाढवळ्या दिसत नाही. केसाएवढ्या फटीतून तो निसटतो. पण निसटताना आवाज करतो, अगदी बारीक 'सूं' असा. आणि आवाज म्हणजे तरी काय? हवेच्या दाबाची थरथर. म्हणजे पुरेसा हळवा प्रेशर सेन्सर हा कानच झाला. असे दोन कान मागच्या सीटखाली, हायड्रोजनच्या टाकीला लावायचे. गाडी थांबली की इंजिन बंद होणार. पुन्हा सुरू व्हायच्या आधी हे कान क्षणभर ऐकणार, आणि 'सूं' नसेल तरच इंजिन सुरू होणार.

खरेदी विभागाची अट अशी की दोन्ही कामांना एकच सेन्सर पाहिजे, सुटे भाग सांभाळायला सोपं जातं. म्हणजे ज्याने तोफेच्या तोंडाशी उभं राहायचं, त्यानेच मुंगीची पावलंही ऐकायची. असा प्राणी निवडायचं काम शार्दूलकडे आलं, कारण बाकीच्यांनी ते आधीच नाकारलं होतं.

नमुना 'अ' दणकट होता, पण ठार बहिरा. नमुना 'ब' सगळं ऐकायचा. शेडबाहेर दोन शिपाई साहेबांविषयी कुजबुजले की 'ब' लावलेली गाडी 'गळती! गळती!' म्हणून बंद पडायची. यात त्याचा दोष नव्हता. आपण बोलतो तेव्हा गळ्यातल्या स्वरतंतूंची तार झणझणते. कुजबुजतो तेव्हा तार गप्प असते, नुसती हवा फटीतून घासत बाहेर पडते. फुटक्या नळीतून वायू बाहेर पडतो तशीच. चहाडी आणि वायुगळती यांत विज्ञानाला फरक सापडत नाही.

नमुना 'क' राहिला. गणपतीच्या दिवसांत त्याला चाचणीच्या गाडीत बसवून गळतीची परीक्षा घेतली. प्रत्येक गळती त्याने पकडली. दसरा झाल्यावर कुजबुजीची परीक्षा घेतली. त्यासाठी हिशेब विभागातली सगळी माणसं मागच्या सीटवर आळीपाळीने बसून एकमेकांबद्दल कुजबुजली. एवढं मन लावून त्या विभागाने आजवर काही केलं नव्हतं. 'क' हूं की चूं न करता बसून राहिला. गाडी दर वेळी सुरू झाली.

"सापडला!" शार्दूल म्हणाला.

"सज्जन सेन्सर आहे," त्याचे साहेब बोरगावे म्हणाले. "ऐकायचं तेवढंच ऐकतो. बायको करताना असं कुणी बघून दिलं नाही आम्हाला."

'क' निवडला गेला. त्याच्यासारखे हजारो मागवले. गाड्या तयार झाल्या, विकल्या गेल्या, आणि पहिल्याच आठवड्यात कोल्हापुरात जिथे जिथे दोन माणसं एका वारूत बसून तिसऱ्याविषयी कुजबुजली, तिथे तिथे वारू बंद पडली. लग्नाला निघालेली गाडी दारातच अडली, कारण करवली मांडवाच्या रंगावर अभिप्राय देत होती. मयताला आलेली चार माणसं मयताच्या दारातच अडकली, कारण मयताविषयी चांगलंच बोललं पाहिजे असा नियम फक्त मोठ्या आवाजाला लागू असतो.

शार्दूलने मूळ नमुना 'क' गाडीतून काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. सेन्सरच्या तोंडावर बारीक जाळी असते. ती लाल होती.

खंडेनवमी! हत्यारांची, यंत्रांची पूजा. गळतीची परीक्षा तिच्या आधी झाली होती आणि कुजबुजीची तिच्यानंतर. त्या दिवशी 'अ' आणि 'ब' कपाटात होते, कपाटाची किल्ली बोरगावे साहेबांच्या खिशात आणि साहेब सुट्टीवर. चाचणीच्या गाडीत एकटा 'क' होता. सकाळी आईचा फोन आला होता, "कुंकू लावताना कंजुषी करू नगंस. मशीनलाबी कळतंय." शार्दूलने कंजुषी केली नव्हती. तेलात कालवलेलं कुंकू त्याने अंगठ्याने दाबून लावलं होतं, वर हळद. नंतर फडक्याने पुसलं. पण जाळीच्या भोकांत जे बसलं ते बसलं. बुजलेल्या जाळीतून जाड आवाज जातात, बारीक अडकतात. म्हणजे नमुना 'क' सज्जन नव्हता. त्याच्या कानात बोळा होता. गळतीची परीक्षा एका सेन्सरने दिली होती आणि कुजबुजीची जवळजवळ दुसऱ्याच. दोघांचे मार्क शार्दूलने एका नावावर लिहिले होते.

त्याला पहिल्यांदा हसू आलं. मग कान तापले. मग त्याने ब्रशने जाळी साफ केली, कुंकू एका कागदाच्या पुडीत घेतलं, आणि पुडी टाकून देता येईना (देवाचं कुंकू कचऱ्यात कसं टाकायचं?) म्हणून खिशात ठेवली. तेवढ्यात बोरगावे आले.

"काय सापडलं?"

"सेन्सर उत्तम आहे, सर," शार्दूल म्हणाला. हे खोटंही नव्हतं. "सॉफ्टवेअरमध्ये सुटेल."

सॉफ्टवेअर नफिसा मुजावरकडे होतं. तिने ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. ती असं करायची तेव्हा समोरच्याने उठून जाणं शहाणपणाचं असायचं.

"म्हणजे गाडीने 'सूं' ऐकायचं, त्यातून मराठी वाक्य निघतंय का बघायचं, आणि निघालं तर ते पडद्यावर लिहून चालकाला विचारायचं, 'हे बोलणं आहे की गळती?' असंच ना?"

"असंच."

"शार्दूल, लोक कुजबुजतात कशासाठी?"

"कुणी ऐकू नये म्हणून."

"आणि तू ते पडद्यावर लिहायला सांगतोयस."

"चालकाने खात्री दिल्याशिवाय गळतीची शंका पुसायची नाही, असा नियमच आहे. अक्षरं मोठी कर. म्हाताऱ्या चालकांना दिसली पाहिजेत."

"तू काहीतरी लपवतोयस," नफिसा म्हणाली. पण तिने ते लिहून दिलं, आणि अक्षरं मोठी केली.

कोल्हापूर बदललं. वारूतून जाताना लोक सगळं खणखणीत आवाजात बोलू लागले. घटस्फोट वाढले आणि गैरसमज कमी झाले. दोन्हींचा आकडा साधारण सारखाच होता. नगरसेवक महत्त्वाचं बोलायला गाडीतून उतरून उसात जाऊ लागले. प्रेमिकांनी जुन्या स्कूटर बाहेर काढल्या. विक्री मात्र दुप्पट झाली, कारण प्रत्येकाला वाटत होतं की ही गाडी शेजाऱ्याकडे असायला हवी आणि शेजाऱ्यालाही तसंच वाटत होतं. कंपनीने ठरवलं की सेन्सर निवडणाऱ्या शार्दूलचा जाहीर सत्कार करायचा. कुटुंबासह.

इथे शार्दूलच्या वडिलांची ओळख करून द्यायला हवी. आप्पांचं आयुष्य शिरोलीच्या एका कारखान्यात, मोठ्या घणाच्या यंत्राशेजारी गेलं. तिथे सगळे ओरडूनच बोलत. आप्पा निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने घड्याळ दिलं आणि कान ठेवून घेतले. कानाचं मशीन त्यांनी एकदा लावून बघितलं. "भजी तळल्यासारखं ऐकू येतंय," म्हणून काढून ठेवलं. तेव्हापासून ते फक्त ओरडत. शार्दूलचा शाळेत नंबर आला तेव्हा "वाघ माझा!" अशी आरोळी त्यांनी मैदानापलीकडून मारली होती, आणि वर्ग पुढची चार वर्षं शार्दूलला 'वाघमाझा' म्हणत होता. प्रवासात ते रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत. जग ऐकू येत नव्हतं, म्हणून ते त्याला वाचून दाखवत.

सत्काराच्या दिवशी कंपनीने शार्दूलला एक नवी वारू दिली. आप्पा इस्त्रीच्या सदऱ्यात पुढे बसले, आई मागे. गल्लीतली माणसं दारात येऊन बघत होती.

"सा-व-का-श!" आप्पांनी समोरच्या भिंतीवरची पाटी वाचली. "पु-ढे व-ळ-ण!"

शार्दूल मान वळवून मागे झुकला आणि आईच्या कानाशी कुजबुजला. खरं तर कुजबुजायची गरज नव्हती, आप्पांना ढोल वाजला तरी पत्ता लागत नसे. पण वाईट बोलायचं असलं की माणूस आवाज उतरवतोच. ते ऐकणाऱ्यासाठी नसतं.

मग त्याने बटण दाबलं. गाडी सुरू झाली नाही. पडदा उजळला, आणि मोठ्या, म्हाताऱ्या चालकांनाही दिसतील अशा अक्षरांत मजकूर आला.

आप्पांनी चष्मा सारखा केला आणि पाटी वाचली.

"आ-प्पां-ना मा-ग-च्या रां-गे-त ब-स-व!" गल्लीच्या टोकापर्यंत आवाज गेला. "पु-ढं ब-स-ले की बों-ब-ल-ता-त! ला-ज वा-ट-ते म-ला!"

आप्पांनी बोट पुढच्या ओळीवर नेलं.

"हे बो-ल-णं आ-हे की ग-ळ-ती?" ते शार्दूलकडे वळले. "गाडी विचारतीया. काय दाबू?"

इथे शार्दूलला आयुष्य दोन बटणांत दिसलं. 'बोलणं' दाबलं तर ते वाक्य त्याचं ठरणार. त्याने 'गळती' दाबलं.

गाडीचे चारही दरवाजे आपोआप उघडले. भोंगा वाजू लागला. एक बाई गाडीच्या आतून, अतिशय सभ्य आवाजात म्हणाली, "धोका. वाहनापासून दूर जा. अग्निशमन दलाला कळवले आहे." गल्ली रिकामी झाली. बाळंतीण बाळाला घेऊन बाहेर आली, कुणीतरी गॅसची टाकी उचलून आणली, एकाने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना पाठीवर घेतलं; सासऱ्यांना सगळं आवडत होतं. एक अख्खी गल्ली मारुतीच्या देवळामागे जाऊन उभी राहिली, आणि हे सगळं एका मुलाला आपलं वाक्य आपलं म्हणायचं नव्हतं म्हणून.

लाल बंब आला. जवानाने गाडीभोवती यंत्र फिरवलं.

"शून्य," तो म्हणाला. मग आत डोकं घातलं, पडदा वाचला, सावकाश वाचला, आणि बाहेर आला. "गाडी कुणाची?"

"माझी," शार्दूल म्हणाला.

"साहेब, ही गळती न्हाई. हे वाक्य हाय." त्याने खात्रीसाठी बंबाच्या ड्रायव्हरला बोलावलं. त्यानेही वाचलं. मग गल्लीतल्या जाणत्या माणसांनी येऊन वाचलं. वाक्यच आहे, यावर एकमत झालं. एका मास्तरांनी विरामचिन्हांचं कौतुक केलं.

"बटण दाबा साहेब," जवान म्हणाला. "त्याबिगर भोंगा बंद हुणार न्हाई."

शार्दूलचा हात उठेना. तेव्हा आप्पा पुढे झाले. त्यांनी वाकून 'बोलणं' दाबलं. भोंगा थांबला. त्यांना तो ऐकूच आला नव्हता, पण लोकांचे चेहरे सैल झालेले बघून त्यांना कळलं.

"बोलणंच हाय की," ते म्हणाले. या वेळी एवढ्या हळू, की जवळ उभ्या असलेल्या आईलाच कळलं.

समारंभाचं कार्यालय म्हणजे एक जुना पेट्रोल पंप. भिंतीवर 'हवा मोफत' ही पाटी तशीच ठेवलेली होती. अशी पाटी आप्पांनी एरवी दोनदा वाचली असती. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि पुढे गेले. दारात कंपनीच्या बायका हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभ्या होत्या. पुढच्या रांगेत 'मातापिता' असं लिहिलेल्या दोन खुर्च्या होत्या. आई उभी राहिली. आप्पा सरळ शेवटच्या रांगेत, खांबामागे जाऊन बसले. आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. सगळा कार्यक्रम त्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

"आमच्या शार्दूलने असा सेन्सर निवडला," बोरगावे माईकवर म्हणाले, "की आज कोल्हापुरात कुणी कुणाच्या पाठीमागे बोलत नाही!"

टाळ्या पडल्या. शाल आली, नारळ आला. शार्दूल खांबाकडे बघत होता. आप्पा टाळ्या वाजवत होते, पण तळहात एकमेकांना लागणार नाहीत अशा बेताने. हॉल शांत झाला. आरोळीची जागा आली आणि रिकामीच निघून गेली. एवढी शांतता शार्दूलने आयुष्यभर मागितली होती. तिच्यात उभं राहायला जागा नव्हती.

चहाच्या गडबडीत तो बाहेर पडला. परतीच्या वाटेवर या गाडीने पुन्हा काही लिहून दाखवलं तर? ते सोसायचं नव्हतं. खिशातली पुडी पुरणार नव्हती, म्हणून दारातल्या तबकातून त्याने मूठभर कुंकू घेतलं. "अहो, तुम्हाला कशाला?" एका बाईने विचारलं. "पूजेला," तो म्हणाला. मागची सीट उचलली, तिथल्या दोन्ही सेन्सरांच्या जाळ्यांवर स्वतःच्या केसांचं तेल बोटाने लावून कुंकू अंगठ्याने दाबलं. कंजुषी केली नाही.

परत निघताना आप्पा आपणहून मागे बसले, उजवीकडे, आईशेजारी. शार्दूल पुढे एकटा. पाट्या येत होत्या आणि न वाचता मागे जात होत्या. शाहू नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली, इंजिन बंद झालं.

शार्दूलने आरशात बघितलं. आप्पा आईकडे वाकले होते. त्यांनी तोंडाशी हात धरला होता, आणि ओठ हलत होते. त्या माणसाने त्याच्या आठवणीत पहिल्यांदा, कदाचित घणाच्या यंत्राशेजारी उभं राहिल्यापासून पहिल्यांदा, कुजबुज केली. बराच वेळ केली. आईने एकदा आरशातून शार्दूलकडे बघितलं. मग तिने आप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर तोंड केलं.

शार्दूलने घाईने पडद्याकडे बघितलं.

'सर्व ठीक. गळती नाही.'

दिवा हिरवा झाला. गाडी लोण्यासारखी सुरू झाली.

"आई," त्याने विचारलं, "काय म्हणाले आप्पा?"

"काय न्हाई."

"सांग की."

"तुझ्यासाठी न्हवतं ते."

तो पुढे बघून गाडी चालवत राहिला. त्या पडद्यावर अजून 'सर्व ठीक' होतं. खाली टाकी होती, वर आई-वडील होते, आणि त्यांच्यामध्ये त्याने स्वतः बंद केलेले दोन कान. आता खरंच 'सूं' झालं असतं तरी गाडीने हेच लिहिलं असतं. त्याने बाजूला घेऊन गाडी थांबवली, दोघांना खाली उतरवलं, आणि घरापर्यंत तिघं चालत गेले. शाल त्याच्याच खांद्यावर होती. आप्पा दोन पावलं मागून येत होते. तो थांबला की तेही थांबत.

दुसऱ्या दिवशी त्याने बोरगावे साहेबांच्या टेबलावर कुंकवाची पुडी ठेवली आणि सगळं सांगितलं. पुढे जे झालं ते झालेलं नाही, हे आपण आधीच ठरवलं आहे. शार्दूलची बदली वायपर विभागात झाली. वायपरला काही ऐकू येत नाही. परत आलेल्या गाड्या मोडण्याआधी त्यांच्यातल्या नोंदी काढून घेतात, असं त्याला नफिसाकडून कळलं, तेव्हा त्याने पुढील अर्ज केला. तो अजून विचाराधीन आहे.

प्रति,
प्रमुख, नोंद व विश्लेषण विभाग

विषय: गळतीचा मजकूर मिळणेबाबत.

महोदय,

अर्जदाराच्या ताब्यातील वाहनाच्या मागील आसनावर, उजव्या बाजूस, शाहू नाक्याच्या सिग्नलवर गळती झाली होती. अर्जदाराने वाहनाचे कान स्वतःच्या हाताने बंद केले असल्यामुळे वाहनाने तिची नोंद घेतली नाही. संबंधितांकडे अर्जदाराने वेळोवेळी तोंडी चौकशी केली असता 'काय न्हाई' असे उत्तर मिळाले. संबंधित तेव्हापासून मोठ्याने बोलत नाहीत व पाट्याही वाचत नाहीत.

तरी सदर गळती, न झालेल्या नोंदीतून शोधून काढून, तिचा मजकूर अर्जदारास मोठ्या अक्षरांत उपलब्ध करून द्यावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
शा. द. चौगुले
वायपर विभाग